घोडा अजून अर्ध्यावर आहे

बुरुलचा प्रबंध एकमतानं मंजूर झाला.

आता हे वाक्य विसरा. मी परिषदेचा सचिव आहे, आणि इतिवृत्तात निकाल आधी आणि सभा नंतर असं चालत नाही. तेव्हा काहीही मंजूर झालेलं नाही. सभा सुरूसुद्धा झालेली नाही. खुर्च्या अजून भिंतीला टेकवून ठेवल्यात, प्रोजेक्टर गरम व्हायचाय, आणि बुरुल खिडकीपाशी उभी राहून रिकाम्या पेल्यातला चहा पितेय.

नारिनच्या आमच्या संस्थेत प्रबंधांवर निर्णय देणारी एक परिषद होती. ‘होती’ म्हणतोय, कारण त्याच संध्याकाळी कार्यालय बंद झालं की तिची मुदत संपणार होती. एवढ्याशा गावाला स्वतंत्र परिषद कशाला, असं राजधानीला वाटलं होतं. राजधानीला असं अधूनमधून वाटतं. त्यानंतर जो कुणी उरेल त्यानं राजधानीत, बिश्केकला जाऊन पहिल्यापासून सुरुवात करायची. पहिल्यापासून म्हणजे नवा मार्गदर्शक, नव्या परीक्षा आणि डोंगरात नव्या मेखा. उरलेली एकटी बुरुलच होती.

मेखा यासाठी की तिचा विषय माती होता. नारिनच्या वरच्या उतारांवर माती दरवर्षी किती खाली सरकते, हे ती सहा वर्षं मोजत होती. लोखंडी मेखा जमिनीत ठोकायच्या आणि दर वसंतात जाऊन बघायचं. माती नखभर सरकलेली असते. कधी तेवढीही नाही. हे ऐकून माझी आई म्हणाली होती, “सहा वर्षं? एवढ्यात तर आमचा एर्मेकसुद्धा सरकला असता.” एर्मेक म्हणजे मी.

परिषदेचे अध्यक्ष शारशेनाली आगाय. आमच्याकडे शिकवणाऱ्या कुठल्याही पुरुषाला आगाय म्हणतात, पण यांना घरी बायकोही आगायच म्हणते. त्यांची एकच सवय होती. कुणाचंही सादरीकरण सुरू झालं की ते डोळे मिटत, आणि मध्येच केव्हातरी, डोळे न उघडता विचारत, “अजून किती?”

त्यात राग नसायचा. बसमधल्या म्हाताऱ्यानं शेजाऱ्याला विचारावं तसं विचारायचे. पण समोरचा गळाठायचा. भूजलावर बोलणारा एकजण या प्रश्नानंतर नुसता “पाणी” एवढंच म्हणत राहिला, आणि आम्ही त्याला पाणी देत राहिलो. मला आगायांचं पटायचंही. वाट किती उरलीय हे कळलं तर माणूस काहीही सहन करतो. हिवाळा, दातदुखी, सासरा. नाही कळलं तर खिडकीबाहेर बघत बसतो. आगायांच्या बाजूला खिडकी नव्हती.

लोकांनी उपाय केले. एकानं प्रत्येक स्लाइडवर आकडे टाकले, ‘बावन्नपैकी सात.’ आगायांनी एक डोळा उघडला. “बावन्न? मग सरळ बावन्नावर जा.” दुसऱ्यानं खाली एक निळी रेघ दिली, बोलणं पुढं जाईल तशी लांबणारी. आगायांना वाटलं प्रोजेक्टर बिघडला. सभा थांबवून वायरमनला बोलावलं. त्यानं भिंग पुसलं, पडदा पुसला, रेघ आणखी वाढली. “हे माझ्या हातातलं नाही,” म्हणून तो निघून गेला.

म्हणून बुरुलनं घोडा टाकला. प्रत्येक स्लाइडच्या तळाशी डावीकडे तंबू, उजवीकडे निशाण, मध्ये मोकळं मैदान आणि त्यात एक छोटा तांबडा घोडा. स्लाइड बदलली की घोडा एक पाऊल पुढं. नारिनमध्ये हे कुणाला समजावून सांगावं लागत नाही.

आणि क्लारा एजेंनी तिला सल्ला दिला. क्लारा एजे म्हणजे आमच्या परीक्षक; वडीलधाऱ्या बाईला आमच्याकडे एजे म्हणतात. त्यांच्या टिपणांना लोक तापासारखे घाबरतात. त्या म्हणाल्या, “हे बघ, आभाराच्या स्लाइडनंतर सगळं ठासून ठेव. तक्ते, फोटो, काय काय विचारतील ते. विचारलं तर दाखव, नाही विचारलं तर गप बस.” बुरुलनं ठासून ठेवलं. गप बसायचा भाग मात्र संगणकाला कुणी सांगितला नाही. त्यानं सगळ्या स्लाइड मोजल्या आणि घोड्याची वाट त्या हिशेबानं आखली. आभार कुठं येतात याच्याशी त्याला काय करायचं होतं?

सभा सुरू झाली. मागच्या निम्म्या खुर्च्यांवर बुरुलचं गाव बसलं होतं. असल्या सभा सगळ्यांना खुल्या असतात, आणि शेजारच्या खोलीत मेंढी शिजत असेल तर जास्तच खुल्या असतात. पुढच्या रांगेत तिचे वडील ओमुरझाक. हा माणूस आयुष्यभर शर्यतीचे घोडे तयार करत आला. घोडा काय आणि मुलगी काय, त्यांना एकच काळजी असायची, की वेळेआधी दमायला नको.

बुरुल बोलायला लागली. घोडा हलला.

“तांबडा आहे का रे?”

“तांबडाच. पण पाय आखूड.”

“आखूड पाय डोंगराला बरे.”

“गप्प बसा, पोरगी बोलतेय.”

“ती बोलते म्हणून तर तो चालतोय. बघ, ती थांबली की थांबतो.”

माती कशी फुगते, कशी गोठते, कशी स्वतःच्याच ओझ्यानं खाली येते, हे बुरुल फार छान सांगत होती. ऐकणारा मी एकटा असेन. आगायांचे डोळे मात्र उघडे होते. ते टक लावून पडद्याच्या तळाकडे बघत होते. एकदाही “अजून किती” आलं नाही. बुरुलचा आवाज मोकळा होत गेला. शेवटचा निष्कर्ष तिनं जवळजवळ गातच सांगितला, आणि पडद्यावर आलं, ‘लक्ष दिल्याबद्दल आभार.’

टाळ्या वाजल्या नाहीत.

“पुढं?” आगाय म्हणाले.

“संपलं, आगाय.”

“काय संपलं? घोडा अजून अर्ध्यावर आहे.”

बुरुलनं मागं वळून पाहिलं. घोडा मैदानाच्या मधोमध उभा होता. निशाण पार लांब.

“आगाय, ते जादा स्लाइडमुळं झालंय. संगणकानं त्याही मोजल्या. माझं बोलून झालंय.”

“तुझं झालं असेल. त्याचं कुठं झालंय?”

“आगाय, ते चित्र आहे हो,” क्लारा एजे म्हणाल्या. “शोभेचं.”

“शोभेचं कसं? मी सबंध वेळ त्याच्याकडेच बघतोय. मला वाटलं, हाच प्रबंध आहे.” मग ते माझ्याकडे वळले. “सचिव, सादरीकरण पूर्ण झाल्याशिवाय मतदान नाही. नियम आहे ना?”

“आहे.”

“मग पूर्ण झालं का?”

मी घोड्याकडे पाहिलं. “घोड्यानं पेंड खाल्लीय, आगाय.”

कुणीतरी फिस्सकन हसलं. तेवढ्यात ओमुरझाक काका उभे राहिले, टोपी हातात घेऊन. “बुरुल, मोठ्या माणसांत मी बोलू नये. पण घोडा मैदानात उभा सोडून आपल्या घरात आजवर कुणी जेवायला बसलेलं नाही.”

गावानं माना हलवल्या. आगायांनीही हलवली. भिंतीवरचं घड्याळ आपल्या चालीनं चाललं होतं, आणि संध्याकाळनंतर या खोलीत बुरुलला ‘हो’ म्हणायला कुणी कायदेशीररीत्या शिल्लक राहणार नव्हतं.

“ठीक आहे,” बुरुल म्हणाली. “नेते.”

लांबच्या शर्यतीत शेवटी घोडा दमतो, तेव्हा आमच्याकडे घरची माणसं पुढं जाऊन त्याला भेटतात. त्याच्या दोन्ही बाजूंनी आपली घोडी दौडवत, नाव घेत, आरडाओरडा करत त्याला निशाणापर्यंत आणतात. याला सुरो म्हणतात. संशोधन संस्थेत सुरो करता येतो का, याबद्दल नियम नाही. मी नंतर शोधला.

पहिला जादा तक्ता आला. घोडा हलला. मागून कुणीतरी म्हणालं, “चल रे, तांबड्या!” दुसऱ्या तक्त्याला खुर्च्या सरकल्या. तिसऱ्याला सगळं गाव दोन्ही बाजूंच्या मोकळ्या जागेत उभं होतं. “मार टाच!” “मान सोड त्याची!” पावसाचे आकडे गेले. बर्फाचे गेले. नाक लाल झालेल्या बुरुलचा तंबूपुढचा फोटो गेला, त्याला वेगळी दाद मिळाली. आगाय मेजावर बोटांनी टापा वाजवत होते. क्लारा एजे “हा काय तमाशा” म्हणत होत्या, पण घोड्याच्या चालीत म्हणत होत्या.

मी बुरुलच्या शेजारीच बसलो होतो. एका स्लाइडवर तिचं बोट थांबलं.

स्लाइडवर वरच्या उताराचं चित्र होतं. प्रत्येक मेखेला एक बाण, कुठं गेली ते दाखवणारा. सगळे बाण खाली, बारीक, नखाएवढे. कोपऱ्यातला एकच बाण वर गेला होता. चांगला हातभर.

एक कळ दाबायची होती. त्या गोंगाटात त्या बाणाकडे कुणाचंही लक्ष गेलं नसतं. सगळं गाव घोड्याकडे बघत होतं, परिषदही घोड्याकडे. असा आडोसा माणसाला आयुष्यात एकदाच मिळतो, आणि तोही स्वतःच काढलेल्या चित्राचा. बोट कळीवर होतं. खाली गेलं नाही.

“थांबलीस का? मार की!” ओमुरझाक काका ओरडले.

“बाबा, जरा थांबा.” ती परिषदेकडे वळली. “ही एक मेख वर गेलीय. मी ती हिशेबात धरली नाही. आणि धरली नाही हे प्रबंधातही लिहिलं नाही, आत्ता बोलतानाही सांगितलं नाही. ती वर का गेली, मला माहीत नाही.”

गोंगाट एकेका माणसागणिक कमी होत गेला. शेवटी शेजारच्या खोलीतलं पातेलं तेवढं ऐकू यायला लागलं.

“सांगितलं का नाहीस?” क्लारा एजेंनी विचारलं.

“माती डोंगर चढते असं म्हटलं असतं, तर तुम्ही मलाच डोंगरावर परत पाठवलं असतं.”

“पाठवलंच असतं.”

आगाय खुर्चीत पुढं सरकले. “एक मागं घे.”

बुरुलनं घेतली. घोडा एक पाऊल मागं आला. गावाच्या तोंडून असा आवाज निघाला जसा कुणी विहिरीत पडल्यावर निघतो. ओमुरझाक काकांनी छातीवर हात ठेवला. “मागं नाही! घोडा मागं नेत नाहीत!”

“पुढं,” आगाय म्हणाले. “पुन्हा मागं. हा आदल्या वर्षीचा फोटो ना? आता पुन्हा पुढं.” घोडा जागच्या जागी नाचत होता आणि आगायांना त्याचं भान नव्हतं. माझ्या आठवणीत त्यांनी कुठलीही स्लाइड दुसऱ्यांदा मागितली नव्हती. “झऱ्याजवळच्या खडकाला लागून आहे, नाही का ही मेख?”

“हो, आगाय.”

मागं कुणीतरी खोकलं. बुरुलचे जापार काका. “ती का? डोक्याला भोक असलेली?”

“हो, काका.”

“चांगली मेख होती.”

“होती म्हणजे?”

“आहे. आहे ना. घोडी बांधली होती मी तिला, गेल्या वर्षी. जनावर ओढाळ, उपटली गेली. मग परत ठोकून ठेवली. माणसानं घेतलं तिथं ठेवावं.” त्यांनी जरा विचार केला. “थोडी वर ठोकली. खाली चिखल होता.”

“काका! तिथं पाटी होती! ‘विज्ञान सुरू आहे, हात लावू नये’!”

“पाटीलाच बांधली होती आधी. वाकली.”

इथं हसायला हवं होतं, पण कुणी हसलं नाही, कारण आगायांनी चष्मा काढला होता. “आणि बाकीच्या मेखा?”

खरी मेख ही होती. सगळं गाव एकदम छताकडे बघायला लागलं. सहा वर्षांचा प्रबंध त्या छताला लटकत होता.

बुरुल त्यांच्यासमोर जाऊन उभी राहिली. “खरं सांगा. आत्ता. घाबरू नका, मी रागावणार आहे, पण नंतर.”

“मी एकदा बूट वाळत घातला,” एक चुलतभाऊ म्हणाला.

“हलली?”

“बूट?”

“मेख!”

“नाही गं. बूटसुद्धा वाळला नाही.”

“मी टोपी अडकवली होती,” ओमुरझाक काका खालच्या आवाजात म्हणाले. “नमाजाआधी हातपाय धुताना. अलगद.”

आणखी कुणी बोललं नाही. पण कुणी न बोलणं हा पुरावा नव्हे. क्लारा एजेंनी पेन खाली ठेवलं. “मुली, या आकड्यांवर आम्ही का विश्वास ठेवावा?”

बुरुल वळली. पडद्याजवळ गेली आणि त्या बारीक बाणांवरून बोट फिरवलं.

“एजे, घोड्यांनी ओढल्या असत्या तर मेखा वाटेल तिकडं गेल्या असत्या. एक इकडं, एक तिकडं, एक चिखलाच्या वर. या बघा. सगळ्या उताराकडं, नखभर, पुढच्या वर्षी पुन्हा नखभर. उतार जास्त तिथं जराशा जास्त. इतकं सावकाश आणि इतकं नेमानं काम आमच्या गावात कुणीही केलेलं नाही.”

“हे मात्र खरंय,” जापार काका म्हणाले.

क्लारा एजे त्या बाणांकडे बराच वेळ बघत राहिल्या. मग पेन उचललं.

आगायांनी डोळे मिटले. सगळ्यांना वाटलं, आलं ‘अजून किती.’ पण त्यांनी वेगळंच विचारलं. “सचिव, ‘मला माहीत नाही’ याला इतिवृत्तात काय म्हणतात?”

मी छापील नमुना पाहिला. ‘समाधानकारक उत्तर दिले’ होतं, ‘अंशतः उत्तर दिले’ होतं. “काही म्हणत नाहीत, आगाय. आजवर कुणी तसं म्हटलेलं नाही.”

“पण आता तर तिला माहीत झालंय,” क्लारा एजे म्हणाल्या. “घोडी होती.”

“घोडी आत्ता कळली. पोरगी थांबली तेव्हा कुठं कुणाला घोडी माहीत होती?” आगायांनी चष्मा घातला. “मतदान घ्या.”

चिठ्ठ्या पेटीत पडल्या, मी त्या उघडल्या. विरोधात एकही नव्हती. निकालाच्या पानावर सगळ्यांच्या सह्या झाल्या, आगायांची सगळ्यात वळणदार. गाव टाळ्या वाजवत, एकमेकांच्या पाठी थोपटत शेजारच्या खोलीकडं वळलं. जापार काकांना वाटेत तिघा बायकांनी वेगवेगळं झापलं. नारिनमध्ये घोडं न्हालं, असं म्हणायला हरकत नव्हती.

फक्त ते अजून कोरडंच होतं. मेखेच्या स्लाइडवर, निशाणापासून बऱ्याच अलीकडं उभं.

ओमुरझाक काका खुर्चीवरून उठले नव्हते. बुरुल त्यांच्या शेजारी बसली.

“चला ना बाबा, मांस निवेल.”

“पोचला नाही गं.”

“पुढं नुसते तक्ते आहेत. मोकळं मैदान.”

“मग ने ना. किती वेळ लागतो?”

“नाही नेत. तो तिथं थांबला म्हणून मी इथं बसलेय.”

काकांनी पडद्याकडं निरखून पाहिलं. घोडेवाल्याची नजर, आधी पाय, मग मान. “दमलाय का?”

“नाही.”

“लंगडतोय?”

“नाही हो. बघतोय.”

“काय बघतोय?”

“जापार काकांची मेख.”

काकांनी हातातली टोपी झटकली. मग म्हणाले, “बघू दे मग. मध्ये बोलू नये,” आणि टोपी घालून जेवायला गेले.

मी मागं राहिलो, कारण इतिवृत्ताचं एक पान बाकी होतं. त्यावर छापलेलं असतं, ‘सादरीकरण पूर्ण झाले / पूर्ण झाले नाही. नको ते खोडावे.’ मी ते घेऊन शेजारच्या खोलीत गेलो. आगाय मेंढीच्या डोक्याला मान देत होते, म्हणजे कान कापून वाटत होते. त्यांनी पान वाचलं, पडद्याच्या दिशेला पाहिलं आणि म्हणाले, “यातलं कुठलंच खोडता येत नाही. खोटं होईल. तू काहीतरी लिही, तुला लिहिता येतं.”

कार्यालय बंद व्हायला आलं होतं. मी लिहिलं:

‘राजधानीतील माननीय आयोगास, नारिन परिषदेतर्फे, सविनय. आपल्या छापील नमुन्यात सादरीकरण पूर्ण होणे किंवा न होणे असे दोनच पर्याय आहेत. आजच्या सभेत त्यांपैकी एकही घडले नाही. तरी विनंती की, नमुन्यात “थांबले, कारण बघायचे होते” असा तिसरा पर्याय छापण्यात यावा, तो या आधीच्या सर्व सभांनाही लागू करावा, आणि अशा ठिकाणी उभा असलेला घोडा पोचलेला धरण्यात यावा. सदर परिषद आज कार्यालयीन वेळेनंतर अस्तित्वात राहणार नसल्याने आपले मंजुरीचे पत्र कृपया त्यापूर्वी, साध्या टपालाने, आमच्या हाती पडेल अशा बेताने पाठवावे.’